एका वेळी करणारा एकच

लातूर आणि नांदेड हे दोन जिल्हे मिळून धुंडाळले तरी आमच्या साडूंइतका संशयी आणि त्यांच्याइतका भला माणूस दुसरा सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच शरीरात कशा मावतात, याचा मेळ मला एकवीस वर्षांत बसवता आलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणून आमच्या घरात लहानथोर सगळे त्यांना दाजी म्हणतात, ऐकून ऐकून त्यांच्या कामावरचेही तेच म्हणू लागले, आणि ते मला साडूभाऊ म्हणतात. उंची पाच फूट चार इंच, वजन गेली दहा वर्षं एकोणसाठ किलो, खिशाला दोन पेनं. शेजारी बसलेल्यानं मोबाईल उघडायला बोट टेकवलं की दाजींची मान आपोआप दुसरीकडे वळते. दुसऱ्याचा गुप्त आकडा चुकून डोळ्यांत शिरला तर तो बाहेर काढता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एटीएमच्या रांगेत ते पुढच्या माणसापासून इतके लांब उभे राहतात, की ते रांगेत आहेत हे मागून येणाऱ्यांना कळतच नाही. एकदा माझ्या देखत सात माणसं त्यांच्या पुढे जाऊन पैसे काढून निघून गेली. मी म्हटलं, "दाजी, सरका की पुढं." तर म्हणाले, "सरकतो. पण त्या बाईंचं चौथं बटण दाबून होऊ द्या."

दाजी एका दूध संघात संगणकांच्या जाळ्याची देखभाल करायचे. संघाची दूध थंड करायची केंद्रं सात : लातूर, मुरुड, शिरूर अनंतपाळ, देवणी, उदगीर, देगलूर आणि नांदेड. प्रत्येक केंद्रात दोन पेट्या, एक इंटरनेटच्या लाईनची आणि एक दुधाच्या टाकीची. प्रत्येक पेटीत एक लहानसा प्रोग्राम बसलेला असतो, त्याला एजंट म्हणतात. लातूरहून विचारलं की त्यानं सांगायचं, लाईन चालू आहे का, वीज आहे का, टाकीतलं दूध किती अंशावर आहे. सात दुणे चौदा एजंट. पण विचारील त्याला सांगायला हे एजंट काही चहाच्या टपरीवर बसलेले नाहीत. विचारणाऱ्याचं नाव एजंटच्या यादीत असावं लागतं, आणि शिवाय दोन गुप्त वाक्यं जुळावी लागतात. एक ओळख पटवायला आणि दुसरं बोलणं झाकून न्यायला. यांना पासफ्रेज म्हणतात. पुन्हा यादीतही दोन गट. काहींना नुसतं बघायची मुभा, काहींना बदल करायचीही. दाजींच्या भाषेत बघणारे आणि करणारे. दाजींच्या आयुष्याचा सगळा अर्थ या एवढ्या परिच्छेदात आला.

गुप्त वाक्य कसं असावं, यावर दाजी पंगतीत बसल्या बसल्या तासभर बोलू शकत. आठ अक्षरांच्या खाली काही चालत नाही, हा यंत्राचा नियम. दाजींचा नियम वीस अक्षरांचा. पोरांची नावं नकोत, जन्मतारखा नकोत, गाडीचा नंबर नको आणि देव तर मुळीच नको. "चोराला पहिल्यांदा देवच आठवतो," ते म्हणत. वाक्य असं पाहिजे की जे आजवर कुणी बोललं नाही आणि पुढं कुणाला बोलायची गरज पडणार नाही. नमुना म्हणून ते जी वाक्यं सांगत, ती आमच्या घरात म्हणी होऊन बसली आहेत. 'म्हैस बुधवारी चष्मा विसरली.' 'सव्वातीन वांगी मामलेदाराला घाबरली.' अर्थात नमुना म्हणून एकदा तोंडातून निघालेलं वाक्य ते स्वतः कधीच वापरत नसत. त्यामुळे घरात दाजींनी सांगितलेली वाक्यं ढीगभर, आणि वापरात असलेलं एकही कुणाला ठाऊक नाही. अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नींनाही नाही. अक्का म्हणतात, "झोपेत बडबडतात बगा. पण झोपेतबी नमुन्याचीच वाक्यं सांगायलेत. खरं एक बी न्हाई."

केंद्रावर वाक्य टाकायची वेळ आली की दाजी खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावत. इंचार्ज असो, दूध घालायला आलेला शेतकरी असो, नाहीतर संघाचे संचालक असोत. मुरुडच्या केंद्राचे इंचार्ज हे सव्वासहा फुटी, मोठ्या मिशांचे गृहस्थ. त्यांना याची इतकी सवय झाली होती, की दाजींची मोटारसायकल फाटकात वाजली की ते आपण होऊन उठून भिंतीला नाक लावत. एकदा दाजी नुसते चहा प्यायला थांबले होते. कप रिकामा झाला तरी इंचार्ज भिंतीकडेच. "अहो, आज काही टाकायचं न्हाई," दाजी म्हणाले. "असू द्या," इंचार्ज भिंतीला म्हणाले, "वळल्यावर पुन्हा वळा म्हणताव तुम्ही."

घरीसुद्धा हाच कायदा. थोरल्या मुलीच्या लग्नात दाजींनी कोठीच्या दारावर पुठ्ठ्याची यादी लावली. वर बघणारे, खाली करणारे. बघणाऱ्यांनी कोठीत जाऊन बुंदी किती उरली, पत्रावळी किती, हे पाहावं आणि येऊन सांगावं. हात लावायचा नाही. बघणाऱ्यांत मी धरून अकरा माणसं होती, आणि करणाऱ्यांत एकट्या अक्का. निलंग्याचे मामा, वय बहात्तर, बघणाऱ्यांत नाव दिसल्यावर रुसून मंडपाबाहेर खुर्ची टाकून बसले. "आमच्या इज्जतीचं काय? आम्ही काय नुसते बुंदीकडं बघायला आलाव का?" दाजी त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "मामा, एका वेळी करणारा एकच. दोघांनी मीठ टाकलं की वरण वाया जातं." मामा म्हणाले, "मग मला करणारा कर आन् तुझ्या बायकोला बघणारी." त्यावर अक्कांनी आतून जो आवाज दिला, त्यानं प्रश्न मिटला. लग्न मात्र नीट पार पडलं. बुंदी कमी पडली नाही, हे मी स्वतः मोजून सांगतो.

नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या बाबतीत तर ते कुणाचं ऐकत नसत. माणूस ज्या दिवशी जातो, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याचं नाव चौदाही एजंटांच्या यादीतून निघालं पाहिजे. उदगीरच्या पर्यवेक्षकांना निरोप दिला तेव्हा भाषणं चालू असतानाच दाजी कोपऱ्यातल्या संगणकावर जाऊन बसले. पर्यवेक्षकांनी ते पाहिलं. "दाजी, गळ्यातला हार अजून सुकला न्हाई की हो!" दाजी म्हणाले, "हार सुकायची वाट बघत बसलं की नाव राहून जातं." संघाच्या व्यवस्थापकांना हा सगळा खटाटोप खामखा वाटे. त्यांचं म्हणणं, सगळ्यांना मिळून एक नाव आणि एक पासवर्ड ठेवला की झालं. हैदराबादची एक कंपनी तसं करून द्यायला तयारही होती. दाजी विचारत, "एकच नाव असलं तर टाकीचं सेटिंग बदललं कुणी, हे कसं कळावं साहेब?" साहेब पुढची फाईल उघडत. साहेबांना उत्तर द्यायची गरज नसते.

गेल्या वर्षी दाजींच्या निवृत्तीची तारीख जवळ आली आणि त्यांच्या जागी भाग्यश्री आली. देगलूरची, नांदेडला शिकलेली, बोलायला चटपटीत आणि आकड्यांत चोख. दाजींनी तिला चार महिने तयार केलं. साहेबांनी अट घातली : दाजी मंगळवारी निवृत्त होतील, बुधवारी सकाळी या मुलीनं नांदेडच्या केंद्रात आपल्यासमोर चौदाही एजंटांवर एकेक सेटिंग बदलून दाखवायचं. जमलं तर नोकरी कायम. नाही जमलं तर काम हैदराबादला जाईल, म्हणजेच एक नाव आणि एक पासवर्ड. मुलीची नोकरी आणि दाजींची सगळी हयात, दोन्ही त्या एका सकाळवर येऊन थांबलं.

त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी दाजी आमच्या दारात उभे. चप्पल काढेनात, आत येईनात. बायकोनं विचारलं, "दाजी, चहा टाकू का?" तर मान नुसती हलली, हो का नाही ते कळलं नाही.

"साडूभाऊ," ते मला म्हणाले, "चौदाच्या चौदा एजंट ऐकेनात."

"बंद पडले?"

"न्हाई हो. बोलायलेत. विचारलं ते सगळं सांगायलेत. पण बदल करा म्हटलं की मानून घेईनात."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि घडलं ते क्रमानं सांगायला लावलं. नव्या माणसाचं नाव दाजी आधी नेहमी बघणाऱ्यांत घालतात. त्याला करणारा करायचं असेल, तर त्यानं स्वतःचं वाक्य ठरवून टाकल्यावरच वर उचलायचं. भाग्यश्रीनं वाक्य टाकलं होतं. आता तिला करणारी करायचं. पण एका वेळी करणारा एकच. म्हणून तिला वर घ्यायच्या आधी दाजींनी स्वतःला खाली उतरवलं, बघणाऱ्यांत. एरवी ते असली कामं एकेका एजंटवर जाऊन करत. या वेळी दिवस थोडे उरले म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चौदाही ठिकाणी एकदम हुकूम सोडला. चौदाही एजंटांनी तो ताबडतोब मानला.

"मग आता तिला वर घ्या की," मी म्हटलं.

"घेतो म्हटलं तर ते करणाऱ्यालाच घेता येतंय."

"आणि करणारा कोण आहे?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. "सध्या कुणी न्हाई," ते म्हणाले.

मला हसू आलं, हे मी लपवत नाही. बायको तर पदर तोंडाला लावून आतच गेली. सात केंद्रं, चौदा एजंट, आणि दोन जिल्ह्यांत त्यांना हात लावू शकेल असा एकही माणूस नाही. चोर येऊनही काही करू शकला नसता, आणि मालकही. दाजी मात्र हसले नाहीत. "त्या पोरीची नोकरी जाईल साडूभाऊ," ते म्हणाले, "आन् साहेब म्हणतील, बघा, म्हाताऱ्याच्या कायद्यानं काय केलं."

उपाय एकच होता. प्रत्येक पेटीजवळ जाऊन, तार जोडून, आतल्या फायलीत हातानं ओळ लिहायची. हातात सोमवार आणि मंगळवार. माझी गाडी होती, मी रजा टाकली. सोमवारी सकाळी सहा चाळीसला आम्ही निघालो. पुढे मी आणि दाजी, मागे भाग्यश्री आणि अक्कांनी दिलेला धपाट्यांचा डबा.

लातूरचे दोन एजंट उरकून मुरुडला पोचेपर्यंत मला कामाची रीत समजली होती. दाजी भाग्यश्रीला समजावत होते, "आधी एजंटला झोपवायचं. मग त्याच्या उशाशी चिठ्ठी ठेवायची, मग उठवायचं. जागेपणी चिठ्ठी ठेवलीस तर झोपताना तो स्वतःच्या आठवणीनं सगळं पुन्हा लिहितो आन् तुझी चिठ्ठी पुसून टाकतो." उठल्यावर एजंट चिठ्ठीतलं वाक्य वाचतो, त्यात स्वतःच्या पेटीचा क्रमांक कालवून त्याची चावी बनवतो, आणि चिठ्ठी फाडून टाकतो. वाक्य एकच, पण चौदा पेट्यांत चौदा चाव्या. "एकाच वाटीतलं विरजण चौदा घरी दिलं तरी दही चौदा चवींचं," दाजी म्हणाले. दूध संघात आयुष्य गेलेला माणूस दुसरी कुठली उपमा देणार?

भाग्यश्रीची करणारी म्हणून नवी नोंद करायची, म्हणून चिठ्ठीत वाक्यही पुन्हा तिचंच जायचं होतं. म्हणजे टंकणार ती. दाजींचे पाय तिच्या खुर्चीमागे घुटमळले. मुरुडचे उंच इंचार्ज सवयीनं आधीच भिंतीकडे वळलेले होते. त्यांनी न बघताच जागा करून दिली. "या दाजी, आज तुम्हीबी या." दोघे शेजारी शेजारी भिंतीला तोंड लावून उभे राहिले, एक सव्वासहा फूट, एक पाच फूट चार इंच.

"ही भेग कधीपासून हाय हो?" दाजींनी हळू आवाजात विचारलं.

"नऊ वर्षं झाली. पहिल्यांदा वीतभर होती. आता खिडकीपर्यंत गेली. तुम्ही येऊन गेलाव की वाढल्यासारखी वाटती."

"मग सांगायचं न्हाई का कुणाला?"

"तुम्हालाच सांगणार होताव. पण तुमचं लक्ष पेटीत."

शिरूर अनंतपाळच्या भिंतीवर सहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर होतं, ते दाजींनी पहिल्यांदाच पाहिलं. देवणीच्या भिंतीवर तिथल्याच जातीच्या बैलाचं चित्र होतं, पिवळट पांढरं, कानाशी काळं. ते त्यांना इतकं आवडलं, की भाग्यश्रीनं "झालं काका" म्हटल्यावरही ते म्हणाले, "थांब, शिंगं बघायलोय." सोमवारी संध्याकाळपर्यंत आठ एजंट झाले. मुक्काम उदगीरला, माझ्या चुलतभावाकडे. जेवताना दाजी भाग्यश्रीला म्हणाले, "तुला राग आला असंल." ती म्हणाली, "राग कशाचा काका? दुसऱ्या कुणाच्या चुकीत मला चौदा पेट्या उघडून बघायला मिळाल्या असत्या का?"

मंगळवारी उदगीरचे दोन झाले, एकूण दहा. देगलूरला पोचलो आणि बत्ती गुल. टाकीला जनरेटर होता, पण पेट्यांच्या बॅटरीनं मान टाकलेली. दोन तास पस्तीस मिनिटं आम्ही केंद्राच्या पायऱ्यांवर बसून होतो. भाग्यश्रीचं घर तिथून जवळच. तिची आई डबा घेऊन आली आणि मराठी, तेलुगू अशा दोन्ही भाषांत दाजींना आग्रह करत राहिली. दाजींनी डबा मांडीवर तसाच धरून ठेवला. ते दर पाच मिनिटांनी सूर्याकडे बघत. मी म्हटलं, "दाजी, त्याला काही झोपवता येत नाही." दोन दिवसांत पहिल्यांदा ते हसले. वीज आली, दोन एजंट झाले, आणि मी आयुष्यात प्रथमच ताशी ऐंशीच्या वर गाडी नेली.

नांदेडच्या केंद्रात पोचलो तेव्हा ऊन भिंतीच्या माथ्यावर गेलं होतं. तेरावा एजंट झाला. चौदावा झाला. भाग्यश्रीनं तिथूनच लातूरच्या टाकीचं एक सेटिंग बदललं आणि परत जागेवर आणलं. मग मुरुडचं. मग ओळीनं सगळी. चौदापैकी चौदा. बुधवारची परीक्षा मंगळवारीच झाली होती. मी खुर्चीत मागे टेकलो.

दाजी टेकले नाहीत. "आता माझं नाव काढ," ते म्हणाले.

भाग्यश्रीचे हात कळफलकावरून खाली आले. "काका, बघणाऱ्यांत राहू द्या की. बघणाऱ्यानं काय बिघडतंय? सकाळी उठून देवणीची टाकी किती अंशावर हाय ते बघत जावा. मलाबी बरं वाटंल, कुणीतरी बघायलंय म्हणून."

दाजी खिडकीपाशी गेले. खिडकीबाहेर टँकर धुण्याचा आवाज चालू होता. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "साडूभाऊ, तुमचं काय म्हणणं?" एकवीस वर्षांत त्यांनी या विषयात माझं मत कधी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "राहू द्या. सदतीस वर्षांच्या नोकरीला एवढी सूट चालंल."

"एवढ्यानंच तर जातंय सगळं," दाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "उद्या माझा मोबाईल बसमध्ये पडला, तर माझ्या नावानं कोण बघंल? आन् मग हिनं कुणाला विचारायचं? काढ बाई. पण एकदम नको. एकेक काढ."

तिनं एकेक काढलं. गावाचं नाव ती मोठ्यानं म्हणायची, दाजी "हं" म्हणायचे, आणि ती बटण दाबायची. लातूर, हं. मुरुड, हं. शिरूर अनंतपाळ, हं. देवणीला "हं" थोडं उशिरा आलं. ती थांबून राहिली. मग आलं. चौदावं नाव निघालं तेव्हा समोरच्या छपरावर ऊन अजून बोटभर होतं.

दाजी मग स्वतः खुर्चीत बसले. आपलं नाव टाकलं, आपली दोन्ही वाक्यं टाकली, आणि देवणीच्या एजंटला विचारलं, टाकी किती अंशावर आहे. क्षणभरात पडद्यावर ओळ उमटली. असा वापरकर्ता माहीत नाही. दाजींनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली.

"बघा," ते मला म्हणाले, "किती स्वच्छ सांगितलं. इतक्या वर्षांची ओळख, पण जरा बी अडखळला न्हाई." त्यांचा चेहरा पोराचा निकाल वाचणाऱ्या बापासारखा झाला होता. मग त्यांनी उरलेल्या तेरांनाही विचारलं. तेराही जणांनी तेच सांगितलं. प्रत्येक उत्तराला ते "शाब्बास" म्हणत गेले, पुढे पुढे फार हळू आवाजात. भाग्यश्री त्यांच्या पाया पडली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझ्यासारखं एकदम करू नको. एकेक करत जा."

भाग्यश्रीला रात्रीपुरतं नांदेडलाच तिच्या मैत्रिणीकडे सोडून आम्ही लातूरच्या रस्त्याला लागलो. लोहा येईपर्यंत दाजी डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले. दोन दिवसांत गाडीच्या मीटरवर तीनशे सात किलोमीटर झाले होते, आणि माणूस साठीच्या घरातला. लोह्याच्या पुढे त्यांनी काच खाली घेतली.

"साडूभाऊ, आता या वेळेला देवणीच्या टाकीत किती अंश असंल हो?"

"मला कसं माहीत असणार दाजी?"

"हाव, खरंय," ते म्हणाले. रस्त्याच्या कडेनं एक दुधाची गाडी कॅन वाजवत चालली होती, तिला त्यांनी मान वळवून शेवटपर्यंत पाहिलं. "मलाबी न्हाई."